ऊर्जादाता व्हा! दर्यापूरच्या नवशिक्यांसाठी इथेनॉलचा पहिला पाठ

शेतकऱ्यानं आता नुसतं अन्नदाता राहून भागणार नाही, ऊर्जादाताही व्हावं, हे नितीन गडकरींच्या भाषणांतून आपण इतकी वर्षं ऐकतोय की मांडवात बसलेल्यांना पुढचं वाक्य तोंडपाठ झालंय. कसं व्हावं, हे मात्र मांडवात कोणी सांगत नाही. तोवर जेवणाची वेळ झालेली असते. ती उणीव हा पाठ भरून काढेल. दर्यापूर तालुक्यात राहणारा, बारावी सायन्सला एकदा तरी बसलेला आणि घरच्यांचं न ऐकणारा कोणीही माणूस खालच्या पायऱ्या चढू शकतो.

आधी थोडं शास्त्र, बँकेत बोलायला बरं पडतं. यीस्ट ही एकपेशी बुरशी. तिला साखर द्यायची आणि हवा बंद करायची. ती साखर खाते आणि त्या बदल्यात निम्म्याहून किंचित जास्त वजनाचं इथेनॉल देते. बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो इथेनॉल. हा हिशेब गे-ल्युसाक नावाच्या फ्रेंच माणसानं दोनशे वर्षांपूर्वी मांडला आणि अजून कुठल्याही अधिसूचनेनं तो बदललेला नाही. बरा चालणारा कारखाना त्यातलं ९० टक्के पदरात पाडून घेतो. इथेनॉल खात्रीनं कसं मिळवायचं, असं लोक विचारतात तेव्हा त्यांचा सगळा संशय यीस्टवर असतो. बिचारीवर उगाच आळ. या अख्ख्या धंद्यात शब्द ९० टक्के पाळणारं दुसरं कोणी सापडलं तर जरूर कळवा.

१. कच्चा माल निवडा

घाई करू नका. तो दिल्लीत निवडला जातो. तरीपण आपल्या मनात काहीतरी असावं म्हणून पर्याय पाहून घ्या.

ऊस. कोल्हापूरकडचे पाहुणे पहिल्यांदा हेच सुचवतील. त्यांना खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं एक गिलास पाणी प्यायला द्या, विषय संपेल. नाही संपला तर नीती आयोगाचा २०२१ चा आराखडा काढा: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे २,८६० लिटर पाणी. आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यांचे प्रयोग झालेले आहेत. त्यांची माहिती हवी असल्यास एखाद्या जुन्या भागधारकाकडे जा, पण दुपार मोकळी ठेवून जा.

मका. हा सध्याचा लाडका. एका टनातून साधारण ३८० लिटर निघतं आणि भावही सगळ्यांत चढा. मात्र यीस्टला पिष्ट खाता येत नाही, तिला साखरच लागते. म्हणून आधी मका दळायचा, ८५-९० अंशांवर शिजवून त्यात अल्फा-अमायलेज नावाचं विकर घालायचं, मग ६० अंशांवर आणून ग्लुकोअमायलेज घालायचं. हे सगळं जमेल. मक्याची राखण जमणार नाही. रोही आणि रानडुक्कर यांना जैवइंधन धोरणाची प्रत अद्याप मिळालेली नाही.

ज्वारी. इथं मन हळवं होऊ द्या. वऱ्हाडात ज्वारी होती तेव्हा कापणीच्या तोंडाशी पाऊस यायचा, दाणा काळा पडायचा आणि काळ्या ज्वारीला कुत्रं विचारत नसे. या दुःखावर राज्य सरकारनं २००७ साली उपाय काढला: धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागं दहा रुपये अनुदान. शेतकऱ्याच्या सडक्या ज्वारीला भाव मिळेल, असं कारण सांगितलं गेलं. कारखान्यांचे परवाने पुढाऱ्यांच्या घरी गेल्याची ओरड झाली. डॉ. अभय बंगांसारखे लोक म्हणू लागले की भाकरीची दारू करायला सरकारी तिजोरी कशाला? शेवटी ते अनुदान गुंडाळावं लागलं. तोवर वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं ज्वारी सोडून सोयाबीन धरलं होतं. ज्याच्या डोळ्यातले अश्रू पुसायचे होते तोच रुमालापर्यंत पोचला नाही.

ज्वारीचा एक सरळ मार्गही होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि मंडळींनी गोड ज्वारीवर वर्षानुवर्षं काम केलं, 'मधुरा' नावाचं संकरित वाण काढलं. कणीस माणसाला, ताटातला रस यीस्टला, चिपाड गुरांना. उन्हाच्या उष्णतेवर ऊर्ध्वपातन करून पाहिलं. जवळजवळ निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्वयंपाकाचा स्टोव्ह बनवला. नवशिक्यांनी यातून धडा घ्यावा: ज्यात शेतकऱ्याच्या घरातच सगळं भागतं अशा योजनेला कर्ज, परवाना आणि उद्घाटक यांतलं काहीही लवकर मिळत नाही.

केळी. अंजनगाव सुर्जीची. भाव पडला की व्यापारी फिरकत नाही आणि घड झाडालाच पिकतात. पिकलेल्या केळ्यात साखर तयार असते, विकराचा खर्च वाचतो. टनाला शंभर-सव्वाशे लिटर इथेनॉल कागदावर बसतं. पण तेल कंपन्यांच्या दरपत्रकात उसाचा रस आहे, मळी आहे, तांदूळ आहे, मका आहे, खराब झालेलं धान्य आहे. केळ्याला रकाना नाही. रकाना नसलेल्या मालापासून इथेनॉल निघतं, पैसे निघत नाहीत.

पऱ्हाटी. फेब्रुवारीत प्रत्येक धुऱ्यावर ढीग पडलेले असतात, म्हणून सगळ्यांना हीच कल्पना सुचते. त्यात सेल्युलोज आहे, ते लिग्निनच्या आत कोंडलेलं आहे. ते सोडवलं तरी निघणाऱ्या साखरेचा मोठा भाग पाच कार्बनवाली झायलोज असते आणि साधी यीस्ट तिला तोंड लावत नाही. काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढणारा मोठा प्रकल्प पाहायचा असेल तर इंडियन ऑइलचा बघा: वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा खपवायचा बेत, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं, ऑगस्ट २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. जागा पानिपत. मराठी माणसानं तिथं जाताना परतीचं तिकीट काढून जावं.

आता पंचांग. जुलै २०२३: अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला देणं बंद. ७ डिसेंबर २०२३: उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही, असा हुकूम. कारखान्यांनी टाक्या बांधलेल्या, कर्जं उचललेली, उसाच्या मोळ्या गव्हाणीत. आठवडा उलटतो न उलटतो तोच दुरुस्ती: करा, पण १७ लाख टन साखरेपुरतंच. ऑगस्ट २०२४: बंधनं उठली. जानेवारी २०२५: तोच तांदूळ आता इथेनॉलवाल्यांना २२ रुपये ५० पैसे किलोनं. या काळात यीस्टनं आपली काम करण्याची पद्धत एकदाही बदलली नाही, याची नोंद घ्या.

तुम्ही मका निवडा. सध्या तोच चालू आहे. हे वाक्य वाचण्याआधी आजचा पेपर पाहून घेतलेला बरा.

२. पाण्याची सोय करा

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून ८९४ गावं खारपाणपट्ट्यात धरली जातात. आपण त्यांच्यात बसलोय. बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही आणि भांड्यावर पांढरा थर सोडून जातं. मीठ वाढलं की यीस्ट मंदावते. बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसले की बॉयलर बसतो. तेव्हा गोडं पाणी लागेल, म्हणजे शहानूर धरणाचं, नळाला येतं ते, येतं त्या दिवशी. स्वयंपाकघरातल्या पिंपाला हात लावू नका. ऊर्जेचा प्रश्न राष्ट्रीय आहे. त्या पिंपाचा प्रश्न घरचा आहे आणि त्यात तुम्ही हराल.

३. यीस्ट आणा

किराणा दुकानातली पावाची पुडी आणू नका. ती पाव फुगवायला वाढवलेली असते, दहा टक्के अल्कोहोलमध्ये पोहायला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथं हरतऱ्हेच्या यीस्ट क्रमांक लावून जपून ठेवलेल्या आहेत. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. दोन्ही पुण्यात, कारण विदर्भातली कुठलीही गोष्ट पुण्याला जाऊन आल्याशिवाय फसफसत नाही.

यीस्ट आल्यावर तिला एकदम मोठ्या ड्रममध्ये ढकलू नका. आधी छोट्या भांड्यात कोमट, किंचित गोड पाणी द्या आणि सुरुवातीला थोडी हवा लागू द्या, म्हणजे तिची संख्या वाढेल. पृष्ठभागावर दुधाळ फेस आला की ती जागी झाली. यीस्ट थोडी घालून पैसे वाचवण्याचा मोह होईल, तो आवरा. रिकाम्या जागेवर दुसरे जंतू अतिक्रमण करतात आणि एकदा बसले की उठत नाहीत, नगरपालिकेला विचारा.

आणि तिच्याविषयी थोडी सहानुभूती असू द्या. जे ती तयार करते त्यातच ती मरते. इथेनॉल दहा-बारा टक्क्यांवर गेलं की तिचं काम थांबतं. ना बोनस, ना निवृत्तिवेतन, ना पीकविमा.

४. थंडावा ठेवा

यीस्टला ३० ते ३४ अंश मानवतं. ३८ च्या पुढं ती कुरकुरते, ४० च्या वर हातपाय गाळते. अकोला आणि अमरावती मे महिन्यात ४५ च्या घरात असतात. त्यात आंबवण्याची क्रिया स्वतःच उष्णता सोडते, म्हणजे सावलीत ठेवलेला ड्रमसुद्धा आतून तापतो. मोठे कारखाने ते द्रावण थंड पाण्याच्या पत्र्यांमधून सतत फिरवतात. तुमच्याकडं पत्रे नाहीत. तुमच्याकडं कुलर आहे.

पद्धत अशी. ड्रमभोवती ओलं पोतं गुंडाळा आणि वरून सुतळी बांधा. पोतं तासाभरात वाळतं, पुन्हा भिजवा. दुपारी बाराला ते अर्ध्या तासात वाळेल. मग बैठकीतला कुलर उचलून मागच्या पडवीत न्या, नवीन वुडवुल भरा आणि तोंड ड्रमकडं करा. ड्रमच्या झाकणाला भोक पाडून त्यात रबरी नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. सगळं नीट असेल तर बाटलीत सेकंदाला एखादा बुडबुडा येईल. हा आवाज ऐकत बसण्यात विलक्षण समाधान आहे. ते समाधान घरातली बुढी दुपारच्या झोपेतून उठून मागच्या दारी येईपर्यंतच टिकतं.

"मानसं उकडून मरून रायली अन् तू ड्रमाले कुलर लावून रायला?"

यावर गे-ल्युसाकचं समीकरण सांगू नका. कुलर परत नेऊन ठेवा. तशीही थोड्या वेळात लाईन जाणार आहे. रात्री शेतीपंपाची लाईन येते तेव्हा ड्रम शेतात नेऊन मोटारीच्या गार पाण्याखाली ठेवता येईल, फक्त पाणी खारं असल्यामुळं झाकण घट्ट लावा आणि शेतात रात्री काय करता, हे विचारायला येणाऱ्यांसाठी एक बरं उत्तर तयार ठेवा. साप दाखवता आला तर उत्तम.

सोपा उपाय: हे सगळं डिसेंबरात करा. पण डिसेंबरात हुकूम निघतात, पायरी १ पाहा.

५. खत द्या

यीस्टला साखरेबरोबर नत्र आणि स्फुरद लागतं. कारखाने त्यासाठी युरिया आणि डीएपी वापरतात. तेच, आपलं. प्रमाण अगदी थोडं, पण पोतं सोसायटीतून नाहीतर कृषी केंद्रातूनच आणायचं आहे, त्यामुळं जूनमध्ये पहाटे जाऊन रांगेत चप्पल ठेवा. दुकानदार डीएपीबरोबर एखादं सूक्ष्म अन्नद्रव्य, एक बाटली नॅनो काहीतरी आणि एक बुरशीनाशक घ्यायला लावेल. याला लिंकिंग म्हणतात, ते बेकायदेशीर आहे आणि नियमित आहे. बुरशीनाशक ड्रमपासून लांब ठेवा. यीस्टही बुरशीच आहे.

"कोन्त्या पिकासाठी पायजे?" असं विचारलं तर तूर सांगा.

६. वास घेत राहा

आंबवणीत यीस्टचा खरा वैरी लॅक्टोबॅसिलस. घरची ताकं, दही, आंबील यांचा हाच कर्ता. ड्रममध्ये शिरला की साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतो आणि तुमचं उत्पादन घटतं. आम्लता चार-साडेचारच्या सामूवर ठेवली तर त्याला थोडा आवर बसतो. कारखाने हॉप्सचे अर्क किंवा थेट पेनिसिलिन वापरतात. तुमच्याकडं नाक आहे.

पहिल्या दिवशी ओल्या पिठाचा वास. दुसऱ्या दिवशी पिकल्या केळ्याचा, त्यात थोडा फुलासारखा गोडवा: उत्तम, यीस्ट रंगात आहे. जाडसर पिवळट फेस चढतो, मधून मधून फुटतो. तिसऱ्या दिवशी फेस बसतो, दाणा तळाशी जातो, वर पातळ पाणी उरतं आणि बुडबुड्यांमधलं अंतर वाढतं. आता चढा, तिखट वास आला तर काम झालं. दह्याचा आंबट वास आला तर त्यात ज्वारीचं पीठ कालवून आंबील करावी, हे बुढीला सांगायची गरज नाही, ती आधीच म्हणाली असेल. झाकण उघडं राहून व्हिनेगरचा वास सुटला असेल तर लोणचेवाल्याकडं चौकशी करा. गटाराचा वास आला तर शेजाऱ्यांच्या आधी तुम्हीच तक्रार करा.

७. थांबा

आतापर्यंत तुमच्याकडं प्लास्टिकच्या ड्रममध्ये आठ-दहा टक्के अल्कोहोल असलेला घोळ तयार झालेला आहे. याखाली जाळ लावण्याचा विचार करू नका. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, आणि त्याला तुमच्या मनातलं पेट्रोल दिसत नाही. विदर्भातल्या पेपरांत आठवड्यातून एकदा येणारी बातमी आठवा: पोलिसांची वॉश आऊट मोहीम, इतके ड्रम मोहाचा सडवा जागीच नष्ट, आरोपी नाल्याच्या बाजूनं पसार. त्या ड्रममध्येही हीच यीस्ट, हेच समीकरण, हाच बुडबुडा. फरक आकाराचा. नाल्याकाठी दोन ड्रम असले तर गुन्हा. एमआयडीसीत लाख लिटरची टाकी असली तर २०१८ पासून तिच्या कर्जावरच्या व्याजातही सरकारची सवलत: ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाचा निम्मा, जे कमी असेल ते. तेव्हा बेत मोठा करा. छोट्या माणसानं या धंद्यात छोटं राहणं हाच मुख्य अपराध आहे.

गाडगेबाबांचं शेंडगाव शेजारच्या अंजनगाव तालुक्यातलं. वडील दारूपायी गेले आणि मुलानं जन्मभर कीर्तनातून दारूवर खराटा फिरवला. त्यांचं नाव लावलेल्या अमरावतीच्या विद्यापीठात आज मुलं जैवतंत्रज्ञान शिकतात. त्या मुलांना प्रात्यक्षिकाच्या वहीत इंधन असं ठळक लिहायला सांगावं.

परवान्यांसाठी पिशवी मोठी घ्या. राज्य उत्पादन शुल्क, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पर्यावरण मंजुरी, बॉयलर, अग्निशमन. ज्वालाग्राही द्रव साठवायला पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. विदर्भावर अन्याय होतो असं म्हणणाऱ्यांनी हे एक लक्षात ठेवावं.

८. पाणी काढा

कितीही उकळून निवळलं तरी ९५.६ टक्क्यांवर इथेनॉल आणि पाणी एकमेकांचा हात सोडत नाहीत. पेट्रोलमध्ये घालायला ९९.५ च्या वर लागतं. उरलेलं पाणी झिओलाइटच्या मण्यांत शोषून घेतात. मणी महाग असतात. पुढं चला.

९. चोथ्याची विल्हेवाट लावा

मळीपासून केलं तर लिटरभर इथेनॉलमागं आठ ते पंधरा लिटर काळपट, गरम, उग्र सांडपाणी उरतं. ते चंद्रभागेत सोडायचं नाही. पंढरपूरच्या नाही, आपल्या दर्यापूरच्याही नाही.

मक्याचं मात्र सोनं असतं, असं तुम्हाला सल्लागार सांगेल. एक टन मक्याचे ढोबळमानानं तीन वाटे होतात: एक इथेनॉल, एक कार्बन डायऑक्साइड आणि एक सुका चोथा. या चोथ्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात पंचवीस-तीस टक्के प्रथिनं असतात आणि कोंबड्या तो आवडीनं खातात. इथेनॉलचे कारखाने वाढले तसा हा चोथा बाजारात ओतला गेला. स्वस्त. मग कोंबडीखाद्य करणाऱ्यानं काय केलं? त्यानं सोयाबीनची पेंड कमी केली. पेंडेला उठाव नाही म्हणून तेल गिरणीवाल्यानं सोयाबीनचा भाव पाडला. खाद्यतेलाची आयात, परदेशातली स्वस्त पेंड ही कारणंही होतीच. चोथ्यानं त्यात आपला खांदा दिला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि बाजार समितीत चार हजारांच्या आसपास.

आणि सोयाबीन कोणाच्या घरात पडून होतं? हे नीट समजून घ्या, कारण या पाठातली सगळ्यांत तरल पायरी हीच आहे. दर्यापूरचा शेतकरी मका फारसा पिकवत नाही. त्यानं ऊर्जादाता होण्यासाठी एक दाणाही दिलेला नाही. तरी देशाच्या इंधनात त्याचा वाटा आहे: क्विंटलमागं आठ-नऊशे रुपयांचा. त्यासाठी त्याला परवाना लागला नाही, यीस्ट लागली नाही, कुलरसुद्धा जागेवरून हलवावा लागला नाही.

"मंग मका पेरतो ना राज्या," असं तुम्ही म्हणाल. पेरा. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० आहे. बाजार समितीत त्याच्या खाली गेला तर इथेनॉलवाल्यांना माल पुरेसा मिळतोय, असं समजून अभिमान बाळगा.

१०. विका

गिऱ्हाईक एकच: सरकारी तेल कंपन्या. भाव त्या सांगतील. इथेनॉलचा रेणू कुठूनही आला तरी सारखाच असतो, दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पण टँकरबरोबर त्याचा सातबारा जोडावा लागतो. शेवटच्या मळीपासून झाला असेल तर ५७ रुपये ९७ पैसे लिटर. मक्यापासून झाला असेल तर ७१ रुपये ८६ पैसे. टाकीत पडल्यावर त्यांना एकमेकांपासून ओळखणारा माणूस अजून जन्मायचा आहे, म्हणून पंपावर भाव एकच.

आणि सगळ्यांनी तुमच्या आधीच हा पाठ वाचलेला आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर मागितलं, देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. उरलेल्यांनी टाकीवर देवाचा फोटो लावावा. नागपूरच्या रस्त्यावर २०१४ मध्ये निव्वळ इथेनॉलवर धावणारी हिरवी बस आली होती, मोठा गाजावाजा झाला होता. ती चालू असती तर एखादा टँकर तिकडं वळवता आला असता. २०१८ मध्ये ती बंद झाली.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

*माझी गाडी आता किती देईल?* मिरज आणि मनमाडला २००१ मध्ये पाच टक्क्यांची चाचणी झाली तेव्हापासून हाच प्रश्न आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या चारचाकीला सहा-सात टक्के फटका बसेल, दुचाकीला तीन-चार, असं नीती आयोगानंच लिहून ठेवलंय. टक्केवारी सोडा. आधी जेवढ्या पेट्रोलात अकोल्याला जाऊन यायचे, तेवढ्यात आता जा. येताना एसटीनं या.

*पेट्रोल स्वस्त होईल का?* पुढची शंका.

*पावसाळ्यात गाडी झटके का मारते?* इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. टाकीत पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. टाकी महिना महिना अर्धी ठेवू नका. ठेवलीच असेल तर बस स्टँडजवळ कोणत्याही मेकॅनिककडं न्या. तो कार्बोरेटर खोलून पितळी वाटीतलं पाणी तुमच्या तळहातावर ओतून दाखवेल. तिथं त्याला मक्याचा हमीभाव सांगत बसू नका, आयात होणाऱ्या कच्च्या तेलात देशाचं किती परकीय चलन वाचलं तेही सांगू नका. दोनशे रुपये द्या आणि बाजूच्या बाकावर बसा. रांगेत तुमच्या पुढं अजून तीन गाड्या आहेत, आणि मधल्या बुलेटवर बसलेले साहेब ओळखीचे वाटत असतील तर नमस्कार करून घ्या. तुमची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे.